अठ्ठावीस मिलिमीटरची जागा

३ एप्रिल २०२५, लातूर

लेकीकडे येऊन पोचले. मुदखेडहून नांदेड, तिथून लातूरची एसटी. चाकूरला गाडी थांबली तेव्हा खिडकीतूनच उसाचा रस घेतला. बर्फ नको म्हटलं तरी त्या माणसानं घातलाच, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

लुंबिनी स्टँडवर घ्यायला आली होती. वाळलीय. मी म्हटलं, "काय गं, खातीस का न्हाई?" तर म्हणाली, "खाते की माय, आठवण झाली की." यासाठीच तर आलेय. महिना-दीड महिना तिच्या जेवणाचं मी बघायचं, भिंगांचं तिनं.

माझी लेक कॅमेऱ्याची भिंगं आखते. पुण्याची नोकरी सोडून मागच्या वर्षी तिनं आणि देगलूरच्या व्यंकटीनं इथल्या एमआयडीसीत एक पत्र्याचं शेड घेतलं. भिंगांचा आकार ती ठरवते, ती बसवायची नळी आणि मळसूत्रं तो करतो. हैदराबादच्या एका कंपनीला खिशात मावणारा कॅमेरा काढायचाय. त्याच्या भिंगाचं काम मिळावं म्हणून तीन ठिकाणचे लोक झटतायत. एक पुण्याचे, एक बंगळुरूचे आणि हे दोघं. १६ मेला कंपनीचा माणूस येऊन बघणार आहे. काम मिळालं तर शेड चालेल. नाही मिळालं तर शेडला कुलूप आणि लुंबिनी जर्मनीला. तिथलं बोलावणं येऊन पडलंय.

तिच्या खोलीत जगाचा नकाशा आहे. जर्मनी शोधली. मुदखेडपासून वीतभर भरते.

६ एप्रिल

आज विचारलंच. "मोबाईलमध्ये कॅमेरा असताना हे वेगळं कशाला?"

"मोबाईल पातळ असतो माय. त्यात भिंग बारीक, उजेड कमी. कमी पडलेलं तो मनानं भरतो. पोरांना आता कळायला लागलंय ते."

मग तिनं कागदावर काढून दाखवलं. मी शाळा चौथीपर्यंत शिकले. पुढचं शिक्षण विहारातल्या पुस्तकांच्या कपाटानं केलं आणि ह्यांनी रेल्वेतून गोळा करून आणलेल्या पेपरांनी. येताना लुंबिनीचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक पिशवीत घातलं होतं, त्यात भिंगांचा धडा आहे. त्यामुळं अगदीच अडाण्यासारखं बसावं लागलं नाही.

तर गोष्ट अशी. संध्याकाळी फोटो नीट यायचा तर उजेड भरपूर आत यायला हवा, म्हणजे भिंग मोठं हवं. मोठं भिंग कडेच्या उजेडाला नीट वळवत नाही, म्हणून चित्राचे कोपरे फिसकटतात. कोपरे सुधारायचे तर आणखी भिंगं घालायची, पण मग जाडी वाढते. आणि कंपनीनं लिहून दिलंय, बंद केलेला कॅमेरा अठ्ठावीस मिलिमीटर. त्याच्या वर केसभरही नाही. तेवढ्यात हिनं पाच भिंगं बसवलीत, तीन काचेची, दोन प्लास्टिकची. प्लास्टिक हलकं, त्याला पाहिजे तसा आकार देता येतो, पण गरमीनं फुगतं.

मी म्हटलं, "म्हंजी एकाचं ऐकलं की दुसरं रुसतंय."

"हाव. आणि सगळी एकाच खोलीत राहतात."

रात्रीच्या भाकरीचं पीठ मळताना हेच डोक्यात. या वयात नवीन काही कळलं की गुदगुल्या होतात.

९ एप्रिल

आज माझ्या हातून घोळ झाला. पाच भिंगांची ती नळी लुंबिनी जेवायला येताना घरी घेऊन आली आणि टेबलावर ठेवून आंघोळीला गेली. बाहेर बेचाळीस डिग्री. मला प्लास्टिकची आठवण झाली. म्हटलं, बिचारं फुगून जाईल. डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलं, कोथिंबिरीशेजारी. ती निघायच्या वेळी काढून पुन्हा टेबलावर ठेवलं.

दुपारी शेडमधून फोन. चार्टवर नुसतं धुकं दिसतंय, काय झालं कळेना. चार्ट म्हणजे भिंतीवर लावलेला रेघांचा मोठा कागद, त्याचा फोटो काढून भिंग तपासतात. मी सांगून टाकलं. मग व्यंकटीचं हसू ऐकू आलं, थांबेचना.

"मावशी, नक्को टेन्शन. दव पडलंय आतमधी, सुकंल. पन काय हो, भिंगाला थंडी वाजली असती तर गोधडी बी घातली असती का?"

संध्याकाळी त्याला शेंगोळे करून घातले. तीनदा वाढून घेतलं आणि दर वेळी "थंड झालंय का बघा" म्हणाला. मेल्याला आता महिनाभर पुरणार हे.

१४ एप्रिल, मुदखेड

जयंतीला घरी आलो. व्यंकटीही आला, कॅमेरा घेऊन. अजून त्याला अंग नाही, नळी, सर्किटची एक हिरवी पट्टी आणि तारा. पोरं मागं मागं फिरत होती.

संध्याकाळी विहारात वंदना झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बुद्धमूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या. मी लावली ती जाडजूड, डाव्या कोपऱ्यात खाली. लुंबिनीनं फोटो काढला आणि लॅपटॉपवर दाखवला. काय सुरेख आला होता! माणसांच्या चेहऱ्यांवर मेणबत्तीचा उजेड जसा असतो तसाच.

तेवढ्यात माझी थोरली नणंद धुरपताबाई, ऐंशीच्या पुढची, तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय गं?"

उजव्या बाजूला, वर, दाराच्या चौकटीपाशी, माणूस हात उंच करून धरेल तेवढ्या उंचीवर एक हिरवा ठिपका होता. स्पष्ट. दारात तर काहीच नव्हतं.

"अगं ही तर आमच्या ग्यानोबाची बत्ती!"

ग्यानोबा म्हणजे आमचे हे, मुदखेड जंक्शनला पॉइंट्समन, गाड्यांचे सांधे बदलणारे. हातात लाल-हिरवी बत्ती. जयंतीला ड्युटी असली की त्याच दारात उभं राहून वंदना म्हणायचे, आत बसायचे नाहीत, गाडीची वेळ व्हायची. चार वर्षांपूर्वी कोरोनात गेले, नांदेडला. आम्हाला तोंड बघायला मिळालं नाही.

गर्दी जमली. एका सुनेनं हात जोडले. मी सगळ्यांना दटावलं. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. श्राद्ध घालत नाही, पिंड ठेवत नाही, आणि फोटोत गेलेला माणूस उभा राहतो म्हणता?

"मानूस कुठं म्हनून राहिले मी?" धुरपताबाई म्हणाली. "बत्ती म्हनून राहिले. बत्ती दिसतीय का न्हाई?"

दिसत होती.

१५ एप्रिल, मुदखेड

लुंबिनीनं सकाळीच खिडक्या लावून अंधार केला आणि मला दाखवलं. मेणबत्तीचा उजेड पाचही भिंगांतून आत जातो, तळाशी जिथं चित्र उमटतं तिथं पडतो. तिथून थोडा उलटा वर उसळतो, शेवटच्या भिंगाच्या पाठीवर आपटतो आणि पुन्हा खाली येतो. त्या पाठीचा बाक नेमका असा आहे की परत आलेला उजेड एका ठिपक्यात गोळा होतो. भिंगावर जो लेप असतो तो बाकी रंग आरपार जाऊ देतो, हिरवा तेवढा परत उसळतो. म्हणून हिरवा.

मी मेणबत्ती हातात घेऊन फिरवली. डावीकडे नेली की ठिपका उजवीकडे. खाली नेली की वर. थांबले की थांबला. विझवली की गेला. पुन्हा पेटवली.

"कळलं ना, माय?"

कळलं. अगदी स्वच्छ कळलं. जायच्या आधी व्यंकटीला सांगितलं, तो कालचा फोटो मोठा काढून आण. अभ्यासाला बरा.

१८ एप्रिल, लातूर

दोघं सकाळपासून भांडतायत. शेवटचं भिंग बदलता येईल, बंगळुरूला करून मिळतं, पण तीन आठवडे लागतात. म्हणजे १६ मेच्या आत एकदाच. त्याची पाठ एका बाजूनं वाकवली तर तो हिरवा ठिपका विरून जाईल, पसरून दिसेनासा होईल. पण कोपरे आणखी बिघडतील. दुसऱ्या बाजूनं वाकवली तर कोपरे लख्ख, ठिपका तसाच.

व्यंकटीचं म्हणणं, कोपरे. हैदराबादचा माणूस चार्ट लावणार. चार्टवर कोपरे मोजले जातात. चार्टवर काही दिवे नसतात.

लुंबिनी म्हणाली, "लोक फोटो कधी काढतात रे? लग्नात, वाढदिवसाला, गणपतीत, जयंतीला. कुठं दिवे नसतात? नवरीच्या गालावर हिरवा ठिपका आला तर ती कोपरे मोजत बसंल का?"

मी मध्ये पडले. "तो हैदराबादचा अण्णाराव का कोण येनार हाय, तो काय नवरी घेऊन येनार हाय का? कोपरे नीट कर. ठिपक्याचं नंतर बघ."

व्यंकटी म्हणाला, "मावशीला कळतं!"

लुंबिनीनं माझ्याकडं बघितलं. मग हळू म्हणाली, "माय, तुला तो दिवा राहू द्यायचाय का?"

मी रागावले. म्हटलं, तुझी माय काय खुळी हाय का? मला जर्मनीची काळजी. दुसरं काही नाही. पोरगी वीतभर नकाशाच्या पलीकडं जाणार आणि मी ठिपक्यांचा विचार करू?

तो फोटो ओट्यावरच्या फळीला लावलाय. डबे पुसताना मध्ये येत नाही अशी तीच एक जागा होती. चहा करताना समोर असतो.

२१ एप्रिल

लुंबिनीनं नवं भिंग आखून बंगळुरूला पाठवलं. ठिपका काढायचं ठरलं. मी दिवसभर फारसं बोलले नाही. ऊन फार होतं.

२९ एप्रिल

आज चार वर्षं झाली.

शेडला सुट्टी. लुंबिनीबरोबर विहारात जाऊन आले. मग तिनं स्कूटरवर बसवून मटका कुल्फी खायला नेलं. ह्यांना कुल्फी फार आवडायची. स्टेशनवर कुल्फीवाला आला की माझ्यासाठी घेऊन निघायचे आणि घर येईपर्यंत काडीच उरायची. "तुझ्यासाठीच घेतली होती बघ" म्हणून काडी दाखवायचे.

लुंबिनीला हे सांगितलं तर इतकी हसली की कुल्फी साडीवर सांडली. माझ्या. मग दोघींनी आणखी एकेक घेतली.

१० मे

नवं भिंग आलं. कापसात गुंडाळलेलं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. एवढ्यासाठी एवढं सगळं. व्यंकटीनं चिमट्यानं बसवलं. मी शेडच्या दारात श्वास धरून उभी होते. पंखा बंद. तिघंही घामानं निथळत.

चार्टचा फोटो. मधला भाग सुईसारखा. कोपऱ्यातल्या रेघा गिचका झालेल्या, गरगट्या भातासारख्या.

व्यंकटी म्हणाला, "गेलं." लुंबिनी म्हणाली, "मला माहीत होतं एवढं जाणार." पण हात धुवायला गेली ती लवकर आली नाही.

रात्री जर्मनीच्या पत्राची तारीख बघत होती. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१२ मे, मुदखेड

बुद्धपौर्णिमा. लुंबिनीला यायला जमणार नव्हतं, १६ तारीख जवळ आली, पण व्यंकटीनं मला आणून सोडलं आणि कॅमेराही आणला. म्हणाला, खरी परीक्षा इथंच.

खीर वाटून झाल्यावर विहारात त्याच जागेवरून फोटो काढला. मेणबत्ती त्याच कोपऱ्यात मीच लावली. फोटो निर्मळ. ज्योती तेवढ्या, जिथं आहेत तिथंच. दाराची चौकट, चौकटीत अंधार.

धुरपताबाईनं डोळे बारीक करून करून बघितलं. "आज ग्यानोबाची बत्ती दिसंना व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं. "लेकीनं भिंग बदललं."

"मग झाक केलं की. लेकीचं काम बरूबर झालं म्हन." आणि माझ्या हातावर थोपटत बसली.

व्यंकटी म्हणाला, मावशी, कसला भारी फोटो हाय, रडता कशाला? मी म्हटलं, खिरीत वेलदोडा जास्त झाला.

१६ मे, लातूर

सगळं लिहिते, नाहीतर विसरेन.

अण्णाराव सकाळी आले. उंच, हडकुळे, पांढरा हाफ शर्ट, तोंडात सुपारी. मूळचे बिदरकडचे, मराठी बोलतात पण थोडं. मी शेडमध्ये चहाच्या निमित्तानं थांबले. त्यांनी बाकीच्या दोन्ही ठिकाणची भिंगं आणली होती. आमचं धरून तिन्ही एकाच पट्टीवर एकेक लावून बघत होते.

चार्ट लावला. आमची पाळी आली तेव्हा ते कोपऱ्यावर झुकले. मग चष्मा काढला. "मधे फस्ट क्लास. पण कोपरे गेले, मॅडम. पुण्याचे कोपरे बघा, बंगळुरूचे बघा. हे असं मी वर कसं दाखवू?"

लुंबिनी म्हणाली, "मला दिवे लागल्यावर अर्धा तास द्या, सर."

"दिवे कशाला?"

"लोक दिवे लागल्यावर फोटो काढतात."

त्यांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, गेला माणूस. मी म्हटलं, "साहेब, तवर जेवून घ्या. आमटी-भाकरी हाय, आंब्याचा रस हाय." लुंबिनीनं माझ्याकडं डोळे वटारले. अण्णाराव म्हणाले, "रस म्हणजे केशर का गावरान?" गावरान म्हटल्यावर बसले.

संध्याकाळी गंजगोलाईत गेलो. गोल बाजार, चारही बाजूंनी दुकानं, आणि दिवे लागले की तिथं डोळे दिपतात. बांगड्यांच्या दुकानापुढं अण्णारावांनी मलाच उभं केलं. म्हणाले, मावशी, हसू नका, हलू नका. मला नेमकं तेव्हाच हसू येत होतं. तिन्ही भिंगांनी तसाच फोटो, तिथल्या तिथं.

रसवंतीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. रसवाला पण वाकून बघत होता. पहिल्या फोटोत माझ्या कपाळावर दोन हिरवे ठिपके, नाकावर एक जांभळा. रसवाला म्हणाला, "मावशीला देवी आल्या काय?" दुसऱ्यात बांगड्यांच्या दुकानाचे सगळे दिवे माझ्या साडीवर उलटे उतरलेले. तिसरा आमचा, त्यात मी. नुसती मी, हसू दाबून उभी राहिलेली, मागं दिवे.

अण्णारावांनी तिन्ही फोटो पुन्हा एकदा बघितले. रस संपवला. मग म्हणाले, "हे ठेवून कोपरे दुरुस्त करायचे तर काय लागेल?"

"जागा," लुंबिनी म्हणाली. "आणखी एक भिंग. दोन मिलिमीटर."

"अठ्ठावीस लिहून दिलंय. डबा करणाऱ्यांनी आखून ठेवलंय."

"माहीत आहे, सर."

"तुम्ही चार्टसाठी का नाही केलं? केलं असतं तर आज मी तुम्हाला हो म्हणून गेलो असतो."

लुंबिनी म्हणाली, "आमच्या आत्यानं बोट ठेवलं त्याच्यावर. एकदा दिसल्यावर सोडवंना."

ते मान हलवत गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. व्यंकटी म्हणतो संपलं. मला तसं वाटत नाही, पण मला चाचण्यांतलं काय कळतं? माणूस निघताना आंब्याचा रस कुठल्या झाडाचा ते विचारून गेला, एवढंच मला कळलं.

१८ मे

फोन नाही. लुंबिनी जर्मनीला काय कळवायचं ते लिहून बसलीय, पाठवत नाही. मी शेवया वळायला घेतल्या. हात चालू असले की बरं.

२० मे

अकराच्या सुमाराला फोन आला. लुंबिनी गच्चीवर होती, शेवया उलटायला. तिनं "हो सर, हो सर" केलं. मी खालून ओरडले, "काय झालं गं?"

ती जिना उतरून आली. चेहरा असा की मला काही सुधरेना. म्हणाली, "माय, तीस."

"तीस काय?"

"तीस मिलिमीटर! डब्यावाल्यांशी भांडून त्यांनी दोन मिलिमीटर दिलेत. काम आपल्याला दिलंय!"

मी मटकन खाली बसले. मग उठले. मग तिला धरून आम्ही दोघी स्वयंपाकघरात गोल गोल फिरलो, शेवयाची परात लवंडली. व्यंकटी आला तो चपला न काढता आत, आणि त्याला कळल्यावर त्यानं मला उचललं. या वयाच्या बाईला! मी म्हटलं, "ठेव खाली, मेल्या, भिंग हाय का मी?"

घरमालकीण सिंधुताई वर आली. खाली चुना पडून राहिला म्हणाली. "काय गं, नाचून राहिल्यात सगळे. प्लॉट मिळाला का?"

"दोन मिलिमीटर मिळाले," मी म्हटलं.

"म्हंजी किती?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. आणखी थोडं जवळ आणलं.

"एवढंच?"

"हाव. आनखी एक भिंग बसतंय त्यात."

सिंधुताईला काही कळलं नाही, पण ती पण हसायला लागली आणि वाटीभर साखर आणून सगळ्यांच्या तोंडात घातली. लुंबिनीनं जर्मनीला नाही म्हणून कळवलं, मला वाचून दाखवून. इंग्रजीत होतं. मी म्हटलं, जास्त गोड लिहू नको, नाहीतर पुन्हा बोलावतील.

आणि जेवणं व्हायच्या आत सहाव्या भिंगावरून जुंपली. व्यंकटी म्हणतो प्लास्टिक, हलकं पडेल. लुंबिनी म्हणते काच, आपल्या उन्हात प्लास्टिक टिकायचं नाही. मला विचारलं. मी म्हटलं काच. तर व्यंकटी म्हणाला, मावशीचं मत धरू नका, त्यांच्याकडं फ्रिज हाय.

तीन वाजून गेले. अजून भांडतायत. आवाज खाली सिंधुताईपर्यंत जातोय. जाऊ दे.